एक्केचाळीस बंद घरं

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार

आजपासून मी विद्यार्थी. वय एकसष्ट. सत्तावीस वर्षं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर संशोधन केलं, भंडाऱ्याच्या या केंद्राचं नाव दिल्लीपर्यंत नेलं, आणि आता मला शिकवणार की हाताखालच्या पोरांशी कसं वागायचं! वरून पत्र आलंय. ज्या ज्येष्ठ संशोधकाला फेलो ठेवायचा आहे त्याने 'मार्गदर्शकांचं प्रशिक्षण' पुरं केलंच पाहिजे. नवे शास्त्रज्ञ आता निरनिराळ्या गावांतून, समाजांतून येतात, त्यांना समजून घेता यावं, असं त्यात लिहिलंय. जसं काही मी आजवर कोणाला आडनाव विचारून हाकललं.

शिकवणाऱ्या उर्वशीबाई नागपूरच्या. चाळिशीच्या असतील. आम्ही अकरा जण, सगळे टकले नाहीतर पांढरे. बाईंनी प्रत्येकाला निळी वही दिली. रोज मनातलं लिहा म्हणाल्या, कोणी वाचणार नाही. शेवटच्या दिवशी वही सोबत आणा.

कोणी वाचणार नसेल तर सोबत कशाला आणायची? मी काही कालचा पोर नाही. निळ्या वहीत लिहून ठेवलं, 'आजचं सत्र अत्यंत उद्बोधक झालं.' खरं ते या जुन्या डायरीत लिहिणार. ही घरच्या कपाटात, स्वेटरांच्या खाली राहील.

१० नोव्हेंबर

माझी फेलो दीपमाला टेंभुर्णे. सत्तावीस वर्षांची, पीएच.डी. झालेली, चार महिन्यांपूर्वी आली. काम चोख, बोलणं मोजकं. मोजकं बोलणाऱ्यांचं मला नेहमी वाटतं, उरलेलं हे लोक कुठे बोलत असतील?

तिच्याजवळ एक लाल वही असते. मी तोंड उघडलं की ती लिहायला लागते. आज मी पंखा कुरकुरतो म्हणालो, तेही लिहिलं असावं.

गाव विचारलं तर म्हणते, "साकोलीकडे, सर." साकोलीकडे काय एकच गाव आहे? अर्जातही पत्ता साकोलीचाच. गाव मी सगळ्यांना विचारतो, त्यात वाईट काय? गाव कळलं की माणूस कळतो. सांगायला लाज वाटत असेल तर मात्र त्यामागे काहीतरी असतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

आज जोडीने सत्र. फेलोने दहा मिनिटं बोलायचं, मार्गदर्शकाने गप्प बसून ऐकायचं. समोर घड्याळ.

दीपमाला म्हणाली, "सर, मला खैरटोल्याच्या अभ्यासाबद्दल बोलायचं आहे."

खैरटोला हे साकोलीच्या पुढचं दोनशे बारा घरांचं गाव. २००८ ते २०१० अशी तीन वर्षं मी तिथे शिबिरं घेतली, रक्त तपासलं. जिल्ह्यात इतर ठिकाणी सिकलसेल भरपूर, पण खैरटोल्यात फारच कमी निघाला. त्यावरचा माझा शोधनिबंध अजूनही लोक वाचतात. त्याच आधारावर तपासणीचं उपकेंद्र तिथे न देता दुसरीकडे दिलं गेलं, आणि ते योग्यच झालं.

ती म्हणाली, "त्यात एक्केचाळीस घरं सुटली आहेत. बहुतेक सगळी एकाच टोल्यातली, नाल्यापलीकडच्या वस्तीतली."

मी म्हणालो, "सुटली नाहीत. त्यांनी नकार दिला. तसं लिहिलंय."

घड्याळात चार मिनिटं झाली होती. उर्वशीबाईंनी लांबून बोट ओठावर ठेवलं. उरलेली सहा मिनिटं आम्ही एकमेकांच्या चपला बघत बसलो.

पंधरा वर्षं कोणी न उकरलेला निबंध हिलाच का उकरायचा आहे?

१७ नोव्हेंबर

आज तिने खैरटोल्याची जुनी रजिस्टरं मागितली. दिली. नाही म्हणायला कारण नव्हतं. पण समोरच बसवलं.

पानं उलटता उलटता विचारते, "सर, शिबिर कोणत्या दिवशी घ्यायचात?"

"दसऱ्याला. तिन्ही वर्षं."

तिचं पेन थांबलं. "दसऱ्यालेच काहून, सर?" एरवी पुस्तकातल्यासारखं बोलते, आज जीभ घरी गेली.

मी तिला समजावून सांगितलं, कारण ही कल्पना माझी आणि मला तिचा अभिमान आहे. आडदिवशी लोक शेतात, मजुरीवर. दसऱ्याला माणूस घरी सापडतोच. आमच्या चमूतली पोरं सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा दारोदार जायची. पोरं चांगली, सगळी ओळखीतल्या घरची. दोन्ही वेळा कुलूप दिसलं की दारावर खडूने फुली आणि रजिस्टरात 'नकार'. नियम मीच घालून दिला होता. काम करायचं तर नियम लागतात.

गंमत म्हणून पहिल्या वर्षाची आठवणही सांगितली. त्या दिवशी आमची जीप लाखनीच्या पुढे तासभर अडकली. समोरून ट्रक, ट्रॅक्टर, मेटॅडोर, सगळ्यांवर निळे झेंडे, दीक्षाभूमीला निघालेली माणसं खचाखच भरलेली. बायका, पोरं, डबे, सतरंज्या. आमचा ड्रायव्हर, खुशाल त्याचं नाव, म्हणाला, "साहेब, आज पुरं जग तिकडं जाऊन राहिलं, आन् आपनच इकडं." मी हसत हसत सांगितलं.

ती हसली नाही. लाल वही मिटून ठेवली. पहिल्यांदाच मी बोललेलं तिने लिहिलं नाही. काहीतरी शिजतंय.

२४ नोव्हेंबर

रजिस्टरांच्या कपाटाला कुलूप घातलं. किल्ली पँटच्या खिशात ठेवली आणि बायकोने, शकुनने, ती पँटसकट भिजवली. वर मलाच विचारते, "प्रयोगशाळेत दरोडा पडून राहिला का?"

मी तिला थोडंसं सांगितलं. हल्ली असं होतं, नवे लोक जुन्यांची चूक शोधून स्वतःचं नाव करतात. एक निबंध पाडला की तीन निबंध मिळतात.

शकुन म्हणाली, "तुमाले सारेच चोर दिसतात. दूधवाला बी चोर, जावई बी चोर. पोरगी काय म्हणून राहिली ते ऐकलं का पुरं?"

बायकांची एक फळी असते.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज आमच्या फेलोंना कागद दिले. 'मार्गदर्शकांना सांगायचं आहे, पण सांगता येत नाही, असं एक लिहा.' लिफाफे बंद करून आमच्या हातात. उर्वशीबाई म्हणाल्या, "ऐकायची तयारी झाली की उघडा. घाई नाही."

बाकीच्या दहा जणांनी चहाच्या आधीच फाडले. एकाला हसू आलं, एकजण चष्मा पुसत बसला. मी माझा खिशात घातला. तक्रारीची प्रत असणार. मी उघडला की 'सरांना कळवलं होतं' असं म्हणायला ती मोकळी. न उघडलेल्या पत्राला उत्तर द्यावं लागत नाही.

जाताना बघितलं तर व्हरांड्यात उर्वशीबाई आणि दीपमाला बोलत उभ्या. मी दिसताच दोघी गप्प. हवा छान आहे म्हणाल्या. हवा छान नव्हती.

निळ्या वहीत लिहिलं, 'विश्वासाचं नातं दृढ होत आहे.'

३ डिसेंबर

दीपमालाच्या फेलोशिपच्या मुदतवाढीचा अर्ज माझ्या टेबलावर आलाय. वीस तारखेपर्यंत माझी सही आणि अभिप्राय गेला तर तिला आणखी दोन वर्षं मिळतील. नाहीतर एकतीस डिसेंबरला तिचं इथलं काम संपलं, आणि ती म्हणते तो खैरटोल्याचा प्रश्नही संपला.

आता दोर माझ्या हातात आहे. अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. तिने एकदाही विचारलं नाही. हेही संशयास्पदच. गरज असलेला माणूस विचारतो.

५ डिसेंबर

उद्याचं सत्र रद्द होऊन रविवारी, सात तारखेला. का, तर सहा डिसेंबर. महापरिनिर्वाण दिन आहे, काही फेलोंनी सांगितलं, आणि उर्वशीबाईंनी लगेच तारीख बदलली. वर आम्हालाच संदेश: 'तारीख ठरवताना विचारायला हवं होतं, चूक माझी.'

तारीख ती तारीख. अशी प्रत्येकाला विचारून ठरवायला लागलो तर कामं व्हायचीच नाहीत. मी माझ्या आयुष्यात एकही शिबिर कोणाला विचारून ठेवलं नाही.

८ डिसेंबर

सापडलं!

आज खुशाल गाडी पुसता पुसता सहज बोलला, "साहेब, त्या टेंभुर्णे मॅडम दर इतवारी खैरटोल्याले जातेत वाटते. माहा साळा एसटीत कंडक्टर हाय, त्यानं सांगितलं. बॅगीत कागदं रायतेत मस्त."

दर रविवारी. मला न सांगता. कागदं घेऊन. म्हणजे माझ्या अभ्यासाविरुद्ध पुरावे गोळा करून राहिली, लोकांच्या सह्या घेत असेल, उद्या एखाद्या वर्तमानपत्रात फोटोसह येईल. मथळ्यात माझं नाव, 'घनश्याम गिऱ्हेपुंजेंनी गावाला फसवलं.' सत्तावीस वर्षं एका ओळीत.

खोलीत जाऊन दार आतून लावून घेतलं, हे इथे लिहितो, कारण इथे कोणी वाचत नाही. मला राग आला म्हणून नाही. भीती वाटली म्हणून.

११ डिसेंबर

अभिप्राय लिहून काढला, वेगळ्या कागदावर. 'काम समाधानकारक. परंतु वरिष्ठांना विश्वासात न घेता परस्पर क्षेत्रभेटी करण्याची वृत्ती. विश्वासार्ह नाही.' शेवटची ओळ तीनदा वाचली. भाषा सभ्य आहे. सही अजून केली नाही. आधी रविवारी तिला तिथेच गाठतो, मग करतो.

१४ डिसेंबर, रविवार

खुशालला घेऊन सकाळीच निघालो. खैरटोल्यात मी पंधरा वर्षांनी गेलो. मोठ्या वस्तीत जुनी माणसं भेटली, नमस्कार झाले. टोला नाल्याच्या पलीकडे. तिकडे मी कधी स्वतः गेलो नव्हतो, पोरं जायची.

विहारासमोरच्या मांडवात दीपमाला सतरंजीवर बसली होती. भोवती वीसेक माणसं. तिच्यासमोर मोठा कागद, त्यावर घराघराची वंशावळ. आजा, बाप, लेकरं, कोणाला सांधेदुखी, कोणाला कावीळ. मला बघून उठली. घाबरली नाही. मला वाटलं होतं घाबरेल.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "कोणाच्या परवानगीने रक्त घेते आहेस?"

"रक्त नाही घेतलं, सर. एक थेंबही नाही. तुमच्या सहीशिवाय कसं घेणार? मी फक्त विचारून राहिले, शिबिर झालं तर याल का, आणि कोणत्या दिवशी जमेल."

मी म्हणालो, "यांनी तीन वेळा नकार दिलाय. आता कशाला येतील?"

मग मागून एक बाई पुढे आली. पन्नाशीची, डोईवर पदर, हातावर धानाचा भुसा. मोठ्याने नाही, घरात बोलावं तसं म्हणाली.

"नकार कोनं देल्ला, साहेब? दसऱ्याले आमी नागपूरले जातो, दीक्षाभूमीवर. माह्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली, तवापासून एक साल चुकलं नाई. पुरा टोला कुलूप लावून जाते. वापस आलो तं दारावर फुली. दुसऱ्या साली फुली. तिसऱ्या साली फुली. या पोरीनं मले इचारलं, मा, आपल्याच दारावर फुली काहून? मले का मालूम? मी म्हनली, आपलं काई चुकलं असन. तिनं ओल्या फडक्यानं पुसून टाकली."

ही पोरगी म्हणजे दीपमाला. ती बाई म्हणजे तिची आई, तुळसा. नंतर या वस्तीत काम मिळेना म्हणून ते साकोलीला गेले, पण घर इथेच आहे, आणि दर सणाला, सुगीला इथेच येतात.

मी उभाच होतो. मला जीप आठवत होती. लाखनीच्या पुढचा तो तास. समोरून येणारे ट्रक, सतरंज्या, डबे, पोरं. मी यांच्या घरी निघालो होतो आणि हे माझ्या काचेसमोरून जात होते. मी हॉर्न वाजवायला सांगितलं होतं.

खुशाल मागून हळूच म्हणाला, "मी तं तवाच म्हनलो होतो, साहेब." म्हणाला होता. मी हसलो होतो.

"बसा, सर." एक तरुण खुर्ची घेऊन आला. दीपमालाचा धाकटा भाऊ, अंकुश. चालताना डावा पाय ओढत, कंबर एका बाजूला टाकत. ही चाल मी सत्तावीस वर्षं बघतोय, दहा पावलांवरून ओळखतो. सिकलसेलमध्ये खुब्याच्या हाडाला रक्त पोचेनासं होतं आणि ते आतून झिजत जातं. वय विचारलं. बावीस. म्हणजे दुसऱ्या शिबिराच्या वेळी सहा.

"कधी कळलं?"

"चौदाव्या वर्षी, नागपूरले. त्याच्या आधी सारे म्हनत, वाढीचं दुखणं हाय."

सहाव्या वर्षी कळलं असतं तर त्या आठ वर्षांत गोळ्या देता आल्या असत्या, दर वर्षी तपासता आलं असतं. पाय पूर्ण वाचला असता असं नाही म्हणणार. पण त्याच्यासमोर उभं राहून मनात हा हिशोब करायची वेळ आली नसती.

परत निघताना दीपमालाला विचारलं, "गाव का नाही सांगितलंस?"

म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, घरच्यांसाठी भांडायला आली."

म्हणालो असतो. नक्की म्हणालो असतो.

१५ डिसेंबर

लिफाफा उघडला. तारीख एकोणतीस नोव्हेंबर.

'सर, खैरटोल्याच्या निबंधाला दुरुस्ती जोडायला हवी. पहिलं नाव तुमचंच राहू द्या. अभ्यास तुमचा आहे आणि तो निबंध वाचूनच मी या विषयात आले. मला कोणाला दोष द्यायचा नाही, शिबिर पुन्हा घ्यायचं आहे. दिवस टोल्याला विचारून ठरवू. सतरा नंबरचं घर आमचं. या वेळी आम्ही घरी राहू.'

सोळा दिवस हे पत्र माझ्या कोटाच्या खिशात होतं.

कपाट उघडून २००९ चं रजिस्टर काढलं. सतरा नंबर. केशवराव टेंभुर्णे, माणसं पाच. पुढे 'नकार'. बाकी सगळीकडे पोरांचं अक्षर आहे, या पानावर मात्र माझं. त्या दिवशी कोणीतरी आजारी होतं म्हणून मी स्वतः लिहायला बसलो होतो.

आता मला लाज वाटते. एवढंच लिहितो.

१६ डिसेंबर

तो वेगळा कागद फाडला. अर्जावर लिहिलं, 'ही मला प्रश्न विचारते. पुढेही विचारू द्यावेत.' सही करून अर्ज स्वतः नेऊन दिला.

दीपमालाने लाल वहीत काहीतरी लिहिलं. मला अजूनही ती वही आवडत नाही. विचारलंच शेवटी, "काय लिहितेस यात एवढं?"

तिने वही सरळ माझ्यापुढे केली. शिरा शोधताना म्हाताऱ्यांचा हात कसा धरायचा. लहान मुलाला सुई दाखवू नये. नमुन्यांची पेटी उन्हात कुठे ठेवायची. पाच महिन्यांत मी बोललेलं सगळं, तारखेसकट. एका पानावर, 'पंखा कुरकुरतो. सरांना आवाजात नीट ऐकू येत नाही. उजव्या बाजूला बसावं.'

ती पाच महिने माझ्या उजव्या बाजूला बसते आहे. मला वाटलं होतं, कागद दिसावेत म्हणून.

२० डिसेंबर, शनिवार

शेवटचं सत्र. निळी वही घरीच विसरलो असं सांगितलं आणि ही डायरी नेली. बाई एकेक पान वाचा म्हणाल्या. मी सतरा नोव्हेंबरचं वाचलं. दसरा, जीप, झेंडे, खुशाल. मग म्हणालो की त्या ट्रकांत कोण होतं ते मला गेल्या रविवारी कळलं.

उर्वशीबाईंनी पाणी पुढे केलं. त्यांना हे सगळं आधीपासून माहीत असणार, व्हरांड्यात तेच चाललं होतं, असं मला अजूनही वाटतं. विचारणार नाही.

८ फेब्रुवारी २०२६, रविवार

परवानगीला महिना गेला. दिवस टोल्याने ठरवला.

एक्केचाळीसपैकी एकोणचाळीस घरं उघडी. दोन कुटुंबं कामाला परगावी गेली आहेत, त्यांच्यापुढे 'परगावी, मार्चमध्ये भेटणार' असं लिहिलं. एकशे अठरा जणांचं रक्त घेतलं. पहिली चाचणी जागेवरच होते. नळीतलं पाणी गढूळ झालं की संशय. संध्याकाळपर्यंत बावीस नळ्या गढूळ. दीपमाला एकेक नळी उजेडात धरून आकडा सांगत होती आणि मी लिहीत होतो. मधे एकदा तिने तीच नळी दुसऱ्यांदा उजेडात धरली. मी घाई केली नाही.

शेवटी घरोघर जाऊन कोण राहिलं का ते बघायला मी स्वतः निघालो. सतरा नंबरच्या दारात तुळसाबाई उभ्या होत्या. दार सताड उघडं, अंकुश आत बाजेवर. काम झालेल्या घरावर खूण करायची म्हणून सवयीने माझा हात शर्टाच्या खिशातल्या खडूकडे गेला.

त्यांनी दाराच्या फळीवर हात ठेवला. "खडू कायले, डॉक्टरसाहेब? घरी हावो ना आमी."

खडू परत खिशात ठेवला. रजिस्टरात सतरा नंबरपुढे पाचही जणांची नावं लिहिली, आणि त्यांना वाचून दाखवली.

घरी आल्यावर शकुनने शर्ट धुवायला घेतला. "हे पांढरं काय लावून आनलं खिशाले?"

मी सांगायला बसलो. जीप अडकली तिथपासून, सगळं. दहा मिनिटांच्या वर झालं असेल. शकुन शर्ट हातात धरून उभी होती. मधे एकदाही बोलली नाही.